पडद्याआडचा स्पीकर

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायर यांवर लाखभर रुपये घालावेत का, हा वाद शंभर वर्षांचा तरी आहे. तो मिटवायची युक्तीही तितकीच जुनी: यंत्र डोळ्यांआड करायचं आणि नुसतं ऐकायचं.

पहिला मोठा प्रयोग एडिसनच्या कंपनीचा. 1915 पासून तिने अमेरिकेत गावोगाव ‘टोन टेस्ट’ भरवल्या. रंगमंचावर गायिका, शेजारी डायमंड डिस्क फोनोग्राफ. गाणं चालू असताना दिवे मालवायचे. पुन्हा लावले की गायिका गायब आणि गाणं मात्र तबकडीतून चालूच! लोक थक्क व्हायचे आणि 250 डॉलरचं यंत्र विकत घ्यायचे. 1916 साली फोर्डची मॉडेल टी मोटार 360 डॉलरला मिळत होती, यावरून काय ते समजा. या तबकड्या आज ऐकल्या तर खरखर आधी कानावर येते. मग लोक फसले कसे? त्या कार्यक्रमांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी म्हातारपणी सांगून टाकलं की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असत.

1948 साली एलपी आली, पाठोपाठ दहा वर्षांत स्टिरिओ. त्या काळचा हाय-फाय, म्हणजे घरी हुबेहूब आवाज काढण्याचा नाद, हा हातात सोल्डरिंग गन घेतलेल्या माणसांचा छंद होता आणि चर्चा व्हायची ती वॅट आणि डिस्टॉर्शनच्या आकड्यांची. 1962 मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक आणि 1973 मध्ये हॅरी पिअर्सन यांनी ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ काढलं. आकडे बाजूला ठेवा, कानाला काय वाटतं ते सांगा, हा त्यांचा बाणा. त्यात तथ्य होतं. आकडे चोख असूनही कर्कश वाजणारी यंत्रं तेव्हा खरोखर होती. पण एकदा मोजपट्टी बाजूला ठेवली की किमतीला धरबंध राहत नाही. तोवर स्पीकरला साधी विजेची वायर जोडत; सत्तरच्या दशकाच्या शेवटी मॉन्स्टर केबल आली आणि वायर हीच स्वतंत्र चीज झाली. दुकानदारांना तर ती पर्वणीच, कारण स्पीकरपेक्षा वायरीत नफा जास्त.

1987 साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने सुमारे 220 डॉलरच्या रिसीव्हरपासून (रेडिओसकट येणारा साधा संच) 12,000 डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सगळे एका रांगेत लावले, आवाजाची पातळी काटेकोर सारखी केली आणि कोणता वाजतोय ते न सांगता ऐकवलं. निकाल छापा-काटा करावा तसा निम्मा-निम्मा. पातळी सारखी करण्याला फार महत्त्व आहे. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजलेलं ‘मोठं’ वाटत नाही, ‘अधिक खुलं’ वाटतं. एका शोरूममध्ये महागड्या सेटकडे वळताना विक्रेत्याचा अंगठा रिमोटवर हळूच सरकलेला मी पाहिलाय. आवाज खुलला हे मला मान्यच करावं लागलं.

मग सगळंच थोतांड का? नाही. कॅनडातल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी ध्वनी आरपार जाणाऱ्या पडद्यामागे स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. स्पीकरांत फरक खरोखर ऐकू येतो, आणि चांगला कोणता यावर बहुतेकांचं एकमतही होतं. समोरून सपाट प्रतिसाद देणारा, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने वाजवणारा, आणि बाजूंनाही तसाच एकसंध वाजणारा जिंकतो, मग किंमत काही का असेना. 1994 मध्ये शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीच्याच 40 कर्मचाऱ्यांना आधी पडद्याआड आणि मग उघड्यावर स्पीकर ऐकवले. पडद्याआड बरे गुण मिळवणारा लहान, स्वस्त संच नजरेस पडताच आपटला. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचीच माणसं होती ती.

आपल्याकडे पडद्याची वेळच उशिरा आली. आयातीवरच्या करांनी आणि बंधनांनी किंमत ठरायची, आखातातून आलेला टू-इन-वन ‘फॉरेनचा’ म्हणून शोकेसमध्ये बसायचा आणि ज्याला खरंच आवाजाचं वेड, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जुळवायचा. आज सगळं मिळतं, पण खोल्या तशाच आहेत. व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असा शेपटासारखा आवाज आला, तर तोच प्रत्येक सुरामागे लागणार. माझ्याकडे जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांनी जे साधलं, ते त्याआधी बदललेल्या अ‍ॅम्प्लिफायरने साधलं नव्हतं. खर्जाचं तर सत्तर टक्के भांडण खोलीशीच असतं, हा आकडा माझा, अंदाजाने.

2022 मध्ये सर्वांत मोठा पडदा उठला. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या एलपींसाठी नावाजलेली. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या 40,000 प्रती, प्रत्येकी 125 डॉलर, अशी घोषणा झाली आणि शंका आली की इतक्या प्रती काढायला मूळ टेप पुन्हा पुन्हा फिरवू देणार कोण? उघड झालं की मधे डिजिटल टप्पा होता आणि तोही कित्येक वर्षांपासून. ‘डिजिटल कानाला खुपतं’ म्हणणाऱ्यांनी याच तबकड्या डोक्यावर घेतल्या होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत ग्राहकांपुढे पर्याय आले: तबकडी परत करून पूर्ण पैसे घ्या, किंवा थोडी भरपाई घेऊन ती ठेवा आणि ऐकत राहा.