बीपी जास्त म्हणून यकृताला रक्त जास्त? नाही!

यकृताच्या ऑपरेशनआधी नातेवाईक हमखास म्हणतात, "बाबांचं बीपी १६० आहे, म्हणजे रक्ताला जोर आहे. लिव्हर लवकर सावरेल." हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. तिथला दाब जेमतेम ५ ते १० मिमी (बीपीच्याच मापात, म्हणजे पाऱ्याच्या उंचीत). दंडावर मोजलेल्या १६०चा जोर तिथे पोचतच नाही.

रक्तस्राव रोखायला सर्जन यकृताकडे जाणारा रक्तपुरवठा काही मिनिटं चिमट्याने बंद करतात. ही युक्ती प्रिंगल या सर्जननी १९०८ मध्ये मांडली. चिमटा सुटला की संकट टळलं असं वाटतं, पण इजेचा मोठा भाग तेव्हाच घडतो. परत आलेल्या ऑक्सिजनमधून घातक रेणू तयार होतात, यकृतातल्या संरक्षक पेशी खवळतात, बारीक वाहिन्यांचं अस्तर सुजतं. या वाहिन्या मोकळ्या ठेवण्यात नायट्रिक ऑक्साइड या वायूचा मोठा वाटा असतो. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने अस्तराची तो पुरवण्याची ताकदच घटलेली असते. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा हात आखडता!

म्हणून ऑपरेशनआधी बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे भूलतज्ज्ञांनाच विचारा.