'रामाने'मधला ने आणि इंग्रजीतला बाय: पॅसिव्ह व्हॉइस आपल्याला अवघड का जातो

साताऱ्यात गोडोलीला मी घरीच दहावीचे क्लास घेते, आणि दरवर्षी पॅसिव्ह व्हॉइस आला की तोच गोंधळ. गेल्या पावसाळ्यात कोरेगावहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, "बाय राम एट द मँगो". मी लाल पेन उचललं तर म्हणाली, "मॅडम, रामाने आंबा खाल्ला हा कर्मणी प्रयोग ना, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, मग ने म्हणजे बाय झालं की, माझं चुकलं कुठं?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, आणि ते फार लागलं मनाला.

कारण ती पोरगी अर्धी बरोबर होती. संस्कृतात "रामेण आम्रं खादितम्" हे पक्कं कर्मणी वाक्य, कर्ता तृतीयेत आणि क्रिया कर्माच्या मागे. प्राकृतातून तोच साचा मराठीत उतरला. म्हणून आजही आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले, क्रियापद कर्माप्रमाणेच बदलतं. पण साचा तोच राहिला आणि अर्थ पालटला. आपण रामाने आंबा खाल्ला म्हणतो तेव्हा राम पुढेच उभा असतो, त्यानंच खाल्लाय. इंग्रजी पॅसिव्हचं काम बरोबर उलटं, कर्त्याला मागं सारायचं नाहीतर गाळूनच टाकायचं.

मराठीचा स्वतःचा जुना पॅसिव्ह वेगळाच होता, आणि मला तो फार आवडतो. ज्ञानेश्वरीच्या काळात कीजे, बोलिजे अशी रूपं सर्रास चालायची, म्हणजे केलं जातं, बोललं जातं, मदतीला दुसरं क्रियापद लागायचंच नाही. व्याकरणात त्याला पुराण कर्मणी म्हणतात. तो गेला असं आपल्याला वाटतं पण गेलेला नाही, "पाहिजे" आणि "म्हणजे" ही त्याचीच उरलेली रूपं. "चहा पाहिजे"मधला पाहिजे म्हणजे मुळात पाहिला जातो, आणि "म्हणजे" म्हणजे म्हटलं जातं. दिवसातून पन्नास वेळा आपण पॅसिव्ह बोलतो आणि आपल्याला पत्ताच नसतो!

मग आला तो "शिपायाकडून चोर पकडला गेला" वाला प्रकार, नवीन कर्मणी. इंग्रजीच्या सहवासानं तो लिखाणात फोफावला असं जाणकार सांगतात, आणि वर्तमानपत्र उघडलं की पटतंच. इंग्रजी पॅसिव्हला खरा जुळतो तो हा. पण १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं, १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं, या सगळ्या परंपरेत कर्तरी, कर्मणी, भावे ही संस्कृतातली नावं रुळली आणि शाळेत कर्मणी बरोबर पॅसिव्ह असं सरळ समीकरण बसलं. व्याकरणकारांनी कर्मणीचे पोटप्रकार नीट वेगळे केलेत, वर्गात मात्र ते एकाच टोपलीत जातात, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथंच होते.

बरं, इंग्रजीचा पॅसिव्ह तरी कुठं पहिल्यापासून असा होता. जुन्या इंग्रजीत त्यासाठी दोन क्रियापदं चालायची, एक आजच्या "बी"चं जुनं रूप आणि दुसरं "वेओर्दान" म्हणजे होणे. हे दुसरं मध्ययुगात हळूहळू मेलं, जर्मनमध्ये त्याचं भावंड "वेर्डेन" अजून तेच काम करतंय. कर्ता सांगायला आधी फ्रॉम, ऑफ, थ्रू असे शब्द वापरायचे, बाय नंतर वरचढ झाला. आणि बायचा मूळ अर्थ जवळ, बाजूला. आपल्या "कडून"मध्येही कड म्हणजे बाजूच आहे की!

"इज बीइंग बिल्ट" तर त्यामानानं परवाचं. आधी लोक सरळ "द हाउस इज बिल्डिंग" म्हणायचे, म्हणजे घर बांधणं चाललंय. कवी रॉबर्ट साउदीच्या १७९५ च्या एका पत्रात हे "इज बीइंग" रूप सापडतं आणि पुढची कित्येक वर्षं व्याकरणवाले त्याला नावं ठेवत होते. त्याच १७९५ मध्ये लिंडली मरेचं इंग्रजी व्याकरण आलं, त्यात लॅटिनच्या वळणानं अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह रूपांचे तक्ते होते. लॅटिनमध्ये "आमो" म्हणजे मी प्रेम करतो, "आमोर" म्हणजे माझ्यावर प्रेम केलं जातं, एका शब्दात काम होतं म्हणून तक्ता शोभतो. असेच तक्ते पाठ करत आपण "चेंज द व्हॉइस"पर्यंत आलो, पॅसिव्ह कधी वापरायचा हे राहूनच गेलं. पुढे १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलनं जिथं अ‍ॅक्टिव्ह चालेल तिथं पॅसिव्ह नको असं लिहिलं, ते पटतं, पण कर्ता माहीत नसेल किंवा त्याची गरजच नसेल तर पॅसिव्हच बरा.

आता मी ने आणि बायची जोडी लावतच नाही. आधी विचारते, वाक्य कुणाबद्दल आहे? परवा खिडकीतून अजिंक्यतारा दाखवला आणि म्हटलं, किल्ल्याबद्दल लिहा. त्या मुलीनं लिहिलं, "द फोर्ट वॉज कॅप्चर्ड इन १६७३". मी म्हटलं, झालं की, बाय नसला तरी चालतंय. तर म्हणाली, "नाही मॅडम, महाराजांचं नाव कसं गाळायचं?" आणि तिनं शेवटी स्वतःहून "बाय शिवाजी महाराज" जोडलं, अगदी योग्य जागी.