‘व इतर’ : ग्वाल्हेर, शिमला आणि सामूहिक खुनाचे अपील

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाची कार्यसूची चाळली, तर खुनाच्या अपिलांच्या शीर्षकांत एका आरोपीचे नाव आणि त्यापुढे ‘व इतर’ हे दोन शब्द वारंवार दिसतात. भिंड-मुरैनेकडच्या बांधावरच्या, जमिनीच्या किंवा पिढीजात वैराच्या भांडणात मेलेला माणूस एक आणि शिक्षा झालेले चार, सहा, कधी दहाही असतात. सत्र न्यायालयाने या सगळ्यांना एका वाक्यात बांधलेले असते, आणि अपिलात दोन्ही बाजूंच्या वकिलांचे निम्म्याहून अधिक श्रम ते वाक्य सोडवून प्रत्येकाचा वेगळा हिशेब मांडण्यात जातात. या हिशेबाचे सर्वांत गाजलेले उदाहरण ग्वाल्हेरच्याच एका मराठी डॉक्टरांचे, गांधी खून खटल्यातले आरोपी दत्तात्रय परचुरे यांचे आहे. लष्कर भागातल्या मराठी घरांत ती हकीकत आजवर राजकारण म्हणून, कधी दबक्या आवाजात तर कधी तावातावाने, सांगितली गेली. अपील म्हणून ती क्वचितच वाचली गेली.

भारतीय दंड संहिता 1860 ची असून ती 1 जानेवारी 1862 रोजी लागू झाली. अनेकांनी मिळून केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकणारे कलम 34 आरंभी त्रोटक होते; ‘सर्वांच्या सामाईक इराद्याच्या पूर्ततेसाठी’ हे शब्द त्यात 1870 च्या दुरुस्तीने आले. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावासाठी कलम 149 होते, ज्याला महाराष्ट्रातले पोलीस आजही ‘गैरकायद्याची मंडळी’ म्हणतात. गुन्हेगारी कटासाठी स्वतंत्र कलम, 120-ब, मात्र 1913 साली जोडले गेले. कलकत्त्यातील एका पोस्टमास्तरच्या 1923 मधील खुनात ‘मी बाहेर अंगणात उभा होतो, गोळी मी झाडली नाही’ असा बचाव एका आरोपीने केला, तेव्हा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो अमान्य केला, कारण ठरलेल्या कामात नुसते उभे राहणे हाही वाटा असू शकतो. पुढे 1945 मध्ये महबूब शाह खटल्यात त्याच प्रिव्ही कौन्सिलने दुसरी बाजू स्पष्ट केली, की दोघांच्या मनात एकसारखा हेतू असणे वेगळे आणि दोघांनी मिळून एकच हेतू ठरवणे वेगळे. या दोन टोकांच्या मधल्या जागेतच सामूहिक खुनाची बहुतेक अपिले लढवली जातात.

30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला, तेव्हा गोळ्या झाडणारा हात एकच होता आणि तो जागीच धरला गेला. त्यामुळे खटल्याचा खरा प्रश्न इतरांचा होता. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे 27 जानेवारीच्या रात्री ग्वाल्हेरला आले, डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्याकडे उतरले आणि दुसऱ्या दिवशी इथूनच मिळालेले बेरेटा पिस्तूल घेऊन दिल्लीला परतले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यासमोर आठ जणांवर कट, खून आणि खुनास साहाय्य यांसह अनेक आरोप ठेवले गेले. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. आपण ग्वाल्हेर संस्थानचे प्रजाजन आहोत, तेव्हा दिल्लीच्या न्यायालयाला आपल्यावर अधिकार कसा, हा मुद्दाही परचुऱ्यांच्या वतीने मांडला गेला, पण त्याने खटला थांबला नाही. संस्थान त्याच सुमारास, 28 मे 1948 रोजी, मध्य भारतात विलीन झाले.

परचुऱ्यांविरुद्धचा मुख्य आधार त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब होता. फेब्रुवारी 1948 मध्ये, ते ग्वाल्हेरच्या किल्ल्यात अटकेत असताना, इथल्या एका प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांनी तो नोंदवला होता. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही म्हणून दंडाधिकारी लागतो. आणि दंडाधिकाऱ्याने आधी आरोपीला सांगावे लागते, की बोलण्याची सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. कागदावर ही प्रश्नोत्तरे चार-सहा ओळींत संपतात. त्या ओळी लिहिल्या जाण्याआधी तो माणूस किती दिवस, कोणाच्या ताब्यात आणि कशा अवस्थेत होता, हे त्या कागदावर नसते, आणि अपिलात वाद बहुधा त्यावरच होतो. परचुऱ्यांनी जबाब नंतर नाकारला, तरी विशेष न्यायालयाने तो मानला. 10 फेब्रुवारी 1949 रोजी गोडसे आणि आपटे यांना फाशी, तर करकरे, मदनलाल पहवा, गोपाळ गोडसे, शंकर किस्तय्या आणि परचुरे या पाच जणांना जन्मठेप झाली. सावरकर निर्दोष सुटले आणि त्याविरुद्ध सरकारने अपील केले नाही.

पुढचे अपील शिमल्यात चालले, कारण लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय तिथे, व्हाइसरॉयांच्या जुन्या पीटरहॉफ बंगल्यात, भरत होते. मे 1949 मध्ये न्या. भंडारी, न्या. अछ्रू राम आणि न्या. खोसला या तिघांसमोर सुनावणी सुरू झाली. परचुरे आणि गोपाळ गोडसे यांची बाजू मांडणारे पी. एल. इनामदार हे ग्वाल्हेरचेच वकील. नथुरामने स्वतः युक्तिवाद केला. मात्र त्याने खुनाच्या दोषसिद्धीला हात लावला नाही, फक्त कटाला आव्हान दिले. वरवर विचित्र वाटणारी ही भूमिका कायद्याच्या नजरेने पाहिली की तिचा डाव उलगडतो. कटाचा धागा तुटला असता तर ‘व इतर’ यांच्यापैकी बहुतेकांना खुनाशी बांधून ठेवणारे दुसरे काहीच उरले नसते.

धागा तुटला नाही. न्यायालयाने कट सिद्ध मानला, पण त्यात कोण होते याचा निवाडा एकेकाचा केला. शंकर किस्तय्या हा बडग्याचा नोकर. मालकाच्या हुकुमाने तो वागत होता, कटाचा हेतू त्याला ठाऊक होता असे दिसत नाही, म्हणून तो सुटला. परचुऱ्यांचा नाकारलेला कबुलीजबाब शिक्षेचा भरवशाचा पाया म्हणून स्वीकारला गेला नाही, आणि तो बाजूला केल्यावर उरलेल्या पुराव्यावर त्यांची शिक्षा टिकू शकली नाही. जून 1949 मधल्या निकालाने हे दोघे मोकळे झाले आणि इतर पाच जणांच्या शिक्षा कायम राहिल्या. प्रिव्ही कौन्सिलकडे केलेला अर्ज नाकारला गेला. गोडसे आणि आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. परचुऱ्यांच्या सुटकेवरून इथे दोन्ही बाजूंनी बरेच अर्थ काढले गेले आहेत. पुरावा पुरेसा नव्हता, एवढेच तो निकाल सांगतो. ज्यांना त्यात गौरव दिसतो आणि ज्यांना त्यात गफलत दिसते, ते दोघेही निकालाबाहेरचे बोलतात.

कबुलीजबाबाचा प्रश्न तिथे संपला नाही. एका आरोपीची कबुली दुसऱ्याला किती बांधते, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1952 साली कश्मीरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या अपिलात जे सांगितले, ते आजही उद्धृत होते. प्रकरण गोंदियातले, तेव्हाच्या नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातले, आणि निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस हेही नागपूरच्याच न्यायालयातून गेलेले. आधी इतर पुरावा पाहावा, तो शिक्षेला पुरेसा वाटला तर सहआरोपीच्या कबुलीने फार तर मनाची खात्री करून घ्यावी. त्या कबुलीपासून सुरुवात करू नये, असा त्याचा आशय होता.

दंड संहिता मध्य भारतात 1 एप्रिल 1951 रोजी लागू झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश झाले, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि ग्वाल्हेर-इंदूरला खंडपीठे राहिली. त्यांना कायमस्वरूप 1968 मध्ये मिळाले. इथे येणाऱ्या प्रकरणांत कट कमी आणि जमाव अधिक, म्हणून 120-ब पेक्षा 149 ची वर्दळ मोठी. या अपिलांसाठी वकिलाचा कनिष्ठ सहकारी एक तक्ता तयार करतो. डावीकडे आरोपींची नावे आणि पुढे रकाने : घटनास्थळी लिहिलेल्या ‘देहाती नालसी’त, म्हणजे पहिल्या फिर्यादीत, नाव आहे का, पोलीस जबाबात आहे का, न्यायालयातल्या साक्षीत हातात काय दिले आहे – लाठी, लुहांगी (लोखंड बसवलेली लाठी) की फरसा (कुऱ्हाडीसारखे धारदार हत्यार) – आणि शवविच्छेदनातली कोणती जखम त्याच्या वाट्याला येते. साक्षीदार फरशाचा घाव म्हणतो आणि डॉक्टर बोथट मार लिहितात, तेव्हा ‘फरसा उलट्या बाजूने मारला असेल’ हे उत्तर तयार असते. हल्लू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1974 च्या निकालाने ती वाट अरुंद केली : साक्षीदाराने तसे स्पष्ट सांगितले नसेल, तर कुऱ्हाडीचा किंवा भाल्याचा वार बोथट बाजूने झाला असे न्यायालयाने आपणहून गृहीत धरू नये.

उलट बाजूला ‘मसलती’ या नावाच्या खटल्यातला निकाल आहे. 1964 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या या निकालाप्रमाणे, मोठ्या जमावात प्रत्येकाने प्रत्यक्ष वार केला हे दाखवणे 149 खाली आवश्यक नाही. मात्र अशा गर्दीत एखाद्याला गोवले जाऊ नये म्हणून दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी त्याच्याविषयी सुसंगत सांगितले आहे का, हे पाहणे उपयोगी ठरते. म्हणजे तक्त्यातला जखमेचा रकाना रिकामा असूनही माणूस अडकू शकतो, पण साक्षीदारांचे रकानेही रिकामेच असतील तर तो सहसा टिकत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून 34 चे 3(5), 149 चे 190 आणि खुनाच्या शिक्षेच्या 302 चे 103 झाले आहे. जात, समाज, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी केलेल्या खुनासाठी 103(2) हे स्वतंत्र उपकलमही आले. ते त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यांपुरते आहे. त्याआधी घडलेल्या खुनांची अपिले जुन्याच आकड्यांनी चालतील, त्यामुळे ग्वाल्हेरच्या कार्यसूचीत 302/34 आणि 302/149 आणखी बरीच वर्षे दिसत राहतील.