छोट्या पडद्यावरची अंतराळयानं: लाकडी मॉडेलपासून संगणकापर्यंत

विज्ञानकथा मालिकांमधली अंतराळयानं आधी हातानं बनवलेली मॉडेल्स असत. ती संगणकावर तयार होऊ लागली साधारण 1993 ते 2001 या काळात. संगणकाचं चित्र मॉडेलपेक्षा सरस दिसू लागलं म्हणून मॉडेल मागं पडलं, असं बरेच जण धरून चालतात. त्या काळातले भाग आज पाहिले की हे पटत नाही. टीव्हीनं संगणकाची वाट धरली तेव्हा संगणकाचं चित्र मॉडेलपुढं उघड उघड कच्चं होतं. तरीही ते टिकलं, कारण टीव्हीला दर आठवड्याला नवा भाग लागतो. त्या धावपळीत मॉडेलला काय जमत नव्हतं, तिथूनच या बदलाची गोष्ट सुरू होते.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतलं एंटरप्राइझ हे यान घ्या. मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून रिचर्ड डेटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 च्या अखेरीस हे मॉडेल पूर्ण केलं. लांबी 11 फुटांहून थोडी जास्त. लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा यांचं काम. पहिल्या चाचणी भागात त्यात दिवे नव्हते. पुढं आत दिवे बसवले, तेव्हा त्यांच्या तारा डाव्या बाजूनं आत घेतल्या. त्यामुळं ती बाजू दाखवण्यालायक राहिली नाही. मालिकेत हे यान बहुतेक वेळा उजव्या अंगानंच दिसतं, त्यामागचं कारण एवढं साधं आहे. मॉडेल इतकं जड होतं की ते जागेवरच राही आणि कॅमेराच रुळांवरून त्याच्याकडं सरके. असा एक शॉट मिळवायला लागणारा वेळ आणि पैसा पाहता, मिळालेला शॉट पुन्हा पुन्हा वापरणं ओघानंच आलं. 1966 ते 1969 या तीन हंगामांत ग्रहाभोवती फिरणारं यान प्रेक्षकांनी कितीदा तरी तेच ते पाहिलं.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास जेरी अँडरसन यांच्या ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज वेगळ्या अडचणीशी झुंजत होते. त्यांची यानं पृथ्वीवर उतरत, कोसळत, पेट घेत. लहान वस्तू पडताना लहानच दिसते, कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणं बदलतो. 16 पट लहान केलेला पूल कोसळताना खरा वाटायला हवा असेल, तर कॅमेरा 4 पट वेगानं चालवावा लागतो, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम. हे गणित वस्तूंच्या बाबतीत जुळतं, पण पाण्याचा थेंब आणि आगीची ज्वाळा त्याला दाद देत नाहीत. मॉडेल कितीही सुबक असो, थेंब आपल्या आकाराचाच राहतो आणि डोळा लगेच फसवणूक ओळखतो. विमान उडताना दाखवायला मेडिंग्ज यांनी धावपट्टीचाच सरकता पट्टा केला: विमान तारांवर जागच्या जागी, खाली जमीन मागं पळते. ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या ब्रायन जॉन्सन यांनी 1975 च्या ‘स्पेस: 1999’मध्ये आणखी एक चिकाटीचा मार्ग धरला. वेगवेगळी चित्रं नंतर एकत्र छापली की प्रत्येक छपाईला दाणे वाढतात आणि चित्र मळतं. म्हणून ते शक्य तिथं सगळं एकाच निगेटिव्हवर घेत. काळ्या पडद्यापुढं यान चित्रित करायचं, फिल्म मागं गुंडाळायची, मग त्याच फिल्मवर तारे, मग दुसरं यान. एखादा तारा यानाच्या अंगातून चमकला की सगळी मेहनत पाण्यात. त्या मालिकेतले अवकाशातले शॉट अजूनही स्वच्छ दिसतात ते यामुळं.

1977 मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूनं मोशन कंट्रोल नावारूपाला आणलं. कॅमेऱ्याची हालचाल यंत्राच्या स्मृतीत नोंदवायची आणि हवी तितक्यांदा तंतोतंत तशीच करवून घ्यायची. पुढच्याच वर्षी ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’तून ही पद्धत टीव्हीवर आली. पण तिचा वेग टीव्हीच्या वेगाशी जुळेना. एकाच शॉटसाठी कॅमेरा त्याच मार्गानं पुन्हा पुन्हा फिरवावा लागे: एकदा यानाच्या अंगावरचा उजेड, एकदा खिडक्यांतले दिवे, एकदा इंजिनाची चमक, एकदा फक्त बाह्याकृती. छोटं मॉडेल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत रेखीव दिसावं म्हणून भिंगाचं छिद्र बारीक ठेवायचं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त वेळ द्यायचा. काही सेकंदांचं दृश्य, आणि त्यापायी अख्खा दिवस. मग ‘गॅलेक्टिका’तही तेच शॉट पुन्हा पुन्हा दिसू लागले यात नवल नाही.

1987 मध्ये ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीनं नव्या एंटरप्राइझची दोन मॉडेल्स बनवली, 6 फुटी आणि 2 फुटी. मोठं हलवायला अवघड, तर धाकट्यावर बारकावे कमी. म्हणून तिसऱ्या हंगामासाठी ग्रेग जाइन यांनी 4 फुटी मॉडेल केलं. यान काय आहे हे कथेत ठरलेलं असतं, पण ते पडद्यावर कोणत्या कोनातून दिसेल हे त्याचं वजन ठरवत होतं. या मालिकेनं खर्च वाचवायला आणखी एक गोष्ट केली, जिचे परिणाम पंचवीस वर्षांनी दिसले: चित्रण 35 मिमी फिल्मवर, पण संकलन आणि दृश्यांची जोडणी थेट व्हिडिओटेपवर.

तोवर संगणकाची चित्रं सिनेमात येऊन गेली होती. 1984 च्या ‘द लास्ट स्टारफायटर’मध्ये सगळी यानं संगणकावरची होती, पण त्यासाठी क्रे सुपरकॉम्प्युटर लागला होता. टीव्हीच्या आवाक्यात ते बसणं शक्य नव्हतं. 1987 च्या ‘कॅप्टन पॉवर’ या मालिकेत संगणकनिर्मित खलपात्रं आली, इतकीच टीव्हीची मजल.

कोंडी फुटली ती घरगुती संगणकामुळं. कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथल्या न्यूटेक कंपनीनं 1990 मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिडिओ टोस्टर नावाचं कार्ड आणलं. छोट्या टीव्ही केंद्रांना कमी पैशात दृश्यं मिसळता यावीत हा त्याचा मूळ हेतू. त्यासोबत लाइटवेव्ह थ्रीडी हे सॉफ्टवेअर येत असे. रॉन थॉर्नटन यांनी या जोडीत अंतराळ मालिका पाहिली. थॉर्नटन मूळचे मॉडेल बनवणारे. ‘डॉक्टर हू’ आणि ‘ब्लेक्स 7’ या ब्रिटिश मालिकांवर काम केलेले. या बदलातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते: मॉडेलला बाजूला सारणारा माणूस मॉडेलच्याच कार्यशाळेतून आला होता. यानाच्या अंगावर ओरखडे कुठं हवेत, पत्र्यांचे सांधे किती जवळ असले की आकार प्रचंड वाटतो, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. संगणक नुसता जाणणाऱ्या माणसाच्या हाती ही यानं गेली असती, तर ती गुळगुळीत आणि निर्जीव झाली असती.

थॉर्नटन यांच्या फाउंडेशन इमेजिंग कंपनीनं जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेसाठी काम केलं. पहिला दीर्घ भाग 22 फेब्रुवारी 1993 रोजी प्रसारित झाला आणि त्याच्या दृश्यपरिणामांना एमी पुरस्कार मिळाला. अमिगा संगणकांची एक रांग एकमेकांना जोडून फ्रेमा काढल्या जात होत्या. हिशेब कसा बदलला ते पाहा. समजा एका फ्रेमला 45 मिनिटं लागतात. 5 सेकंदांच्या शॉटच्या 120 फ्रेमा, म्हणजे एका यंत्राला 90 तास. तीच कामं 24 यंत्रांत वाटली की चार तासांच्या आत आटोपतात, आणि तोवर माणसं पुढच्या शॉटला लागलेली असतात. दिग्दर्शकाला कोन पटला नाही तर कॅमेरा फिरवून यंत्रं पुन्हा चालू करायची. स्टुडिओ पुन्हा मांडायची गरज नाही. एक लढाऊ यान बनवलं की शंभर करायला वेगळा खर्च नाही.

अंतराळ हेच आधी जिंकलं गेलं, तेही योगायोगानं नाही. अवकाशात हवा नाही, धुकं नाही, पानं हलत नाहीत, उजेड एकाच सूर्याचा, सावल्या काळ्याकुट्ट, वस्तू कडक धातूच्या. त्या काळच्या संगणकाला नेमकं एवढंच जमत होतं. शिवाय त्या वेळच्या टीव्हीचं चित्र इतकं भरड होतं की बारीकसारीक उणिवा त्यातच झाकल्या जात. आणि जे मॉडेलला कधीच जमलं नसतं ते इथं सहज झालं. ‘बॅबिलॉन 5’ मधलं स्टारफ्युरी हे लढाऊ यान इंजिन बंद करून पुढं वाहत राहतं, जागच्या जागी गर्रकन मागं वळतं आणि पाठलाग करणाऱ्यावर मारा करतं. न्यूटनच्या नियमांना धरून चालणारी ही हालचाल टीव्हीवर आधी क्वचितच दिसली होती, कारण तारेला टांगलेलं किंवा दांड्यावर बसवलेलं यान असं वळतच नाही.

पुढचं वेगानं घडलं. 1993 च्या सप्टेंबरात ‘सीक्वेस्ट डीएसव्ही’ संगणकनिर्मित पाणबुडी घेऊन आली. 1995 ची ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ मॉडेलवर सुरू झाली आणि काही हंगामांत संगणकाकडं वळली. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेनं 1997 मध्ये शेकडो यानांची लढाई दाखवली, ती मॉडेलवर करणं कुठल्याच टीव्ही निर्मात्याच्या खिशाला परवडलं नसतं. 2001 च्या ‘एंटरप्राइझ’ या मालिकेतल्या यानाचं चित्रणासाठीचं मॉडेल बनलंच नाही. त्याआधी 1996 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागासाठी जुनं एंटरप्राइझ पुन्हा दाखवायचं होतं, तेव्हा मात्र ग्रेग जाइन यांनी मूळ मॉडेलच्या निम्म्या आकाराचं नवं मॉडेल हातानं घडवलं. तीस वर्षांपूर्वीच्या शॉटशी उजेड जुळायला हवा होता, आणि त्या वेळी तो मॉडेलवरच जुळत होता.

प्रत्येक ठिकाणी ही अदलाबदल सुखाची झाली नाही. ब्रिटिश ‘रेड ड्वार्फ’च्या पहिल्या तीन हंगामांतले मॉडेलचे शॉट काढून 1998 मध्ये त्यांच्या जागी संगणकाची चित्रं घातली गेली. बिल पीअर्सन यांनी त्यासाठी यानाचं नवं लांबलचक मॉडेल केलं होतं, पण ते इतकं लांब निघालं की नीट चित्रित करता येईना. म्हणून संगणक. चाहत्यांना ते मुळीच रुचलं नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. जुन्या शॉटमध्ये त्या खडबडीत लाल धुडाला वजन होतं, नव्यात ते तरंगत होतं. 2012 च्या दहाव्या हंगामात ही मालिका पुन्हा मॉडेलकडं वळली.

संगणकाला स्वतःची भाषा सापडायला 2002 उजाडावं लागलं. ‘फायरफ्लाय’मध्ये झोइक स्टुडिओनं अवकाशातला कॅमेरा जणू कुणाच्या तरी हातात असल्यासारखा हलवला: यान चौकटीतून निसटतं, कॅमेरा शोधतो, घाईनं झूम करतो, क्षणभर चित्र धूसर होतं. 2003 च्या नव्या ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’नं हीच रीत पुढं नेली. मोशन कंट्रोलच्या जमान्यात कॅमेरा शाही संथपणे सरके, कारण यंत्र तसंच चालायचं. संगणकावरचे कलाकारही दहा वर्षं तीच चाल गिरवत राहिले, ती सोडता येते हे तेव्हा कळलं.

मॉडेल पूर्ण गेलं असंही झालं नाही. 2005 मध्ये नव्यानं सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’मध्ये अंतराळयान बिग बेनला धडकून मनोरा फुटतो, तो मनोरा मॉडेल होता. 2019 च्या ‘द मँडलोरियन’साठी जॉन गुडसन यांनी नायकाच्या यानाचं मॉडेल केलं आणि जॉन नॉल यांनी ते चित्रित करायला मोशन कंट्रोलचं यंत्र स्वतः जुळवलं.

जतनाच्या बाबतीत मात्र चित्र उलटं आहे. मूळ एंटरप्राइझ 1974 पासून स्मिथसोनियन संस्थेकडं आहे. डागडुजी होऊन 2016 मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात मांडलं गेलं. ‘नेक्स्ट जनरेशन’चं 6 फुटी मॉडेल 2006 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 5,76,000 डॉलरना गेलं. ‘बॅबिलॉन 5’च्या यानांच्या मूळ फाइल्स मात्र स्टुडिओनं जपल्या नाहीत. त्यामुळं डीव्हीडी काढताना जुन्या टीव्हीच्या 4:3 चौकटीतली संगणकाची दृश्यं वरखाली कापून रुंद पडद्यात बसवली गेली, आणि ती डोळ्यांना खुपतात. 2021 च्या नव्या आवृत्तीत मालिका पुन्हा 4:3 मध्ये आली, पण दृश्यं जुन्याच चित्रावरून मोठी केलेली.

‘नेक्स्ट जनरेशन’चं 2012 पासून हाय डेफिनिशनमध्ये रूपांतर झालं तेव्हा व्हिडिओटेप कामाची नव्हती. पण मॉडेलच्या चित्रणाची मूळ फिल्म गोदामात होती. हजारो रिळं शोधून प्रत्येक शॉट नव्यानं जोडला गेला आणि यान कधी नव्हे इतकं स्पष्ट दिसू लागलं. त्याच मालिकेतला ‘क्रिस्टलाइन एंटिटी’ हा स्फटिकासारखा जीव मूळचा संगणकावरचा; तो नव्यानं घडवावा लागला. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ यांचं असं रूपांतर झालेलं नाही. त्यांच्या नंतरच्या हंगामांतली कितीतरी यानं जुन्या टीव्हीच्या मापाच्या चित्रातच आहेत. ती आज हव्या त्या बारकाव्यांनिशी पाहायची, तर फाइल्स शोधून प्रत्येक शॉट पुन्हा तयार करावा लागेल, आणि त्याचा खर्च उचलायला अजून कुणी पुढं आलेलं नाही.