कॉम्प्युटरातली कीर्द-खतावणी

"आरं, माणूस मी एक, कॉम्प्युटर एक, इंटरनेटची वायर तर जोडलेलीच न्हाई. मग ह्यो सर्व्हर कुणाला वाढायला बसलाय?"

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या मामांच्या गुळाच्या अडतीत मी स्टुलावर बसून त्यांच्या कॉम्प्युटरवर संपर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवत होतो. गुऱ्हाळवाले, शेतकरी, ट्रकवाले, गुजरातचे व्यापारी अशी साडेतीन-चार हजार नावं. काही डायऱ्यांत, काही खोक्यातल्या व्हिजिटिंग कार्डांवर आणि उरलेली मामांच्या डोक्यात. दहा मिनिटांचं काम आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पाऊण तास झाला तरी पडद्यावरची हिरवी पट्टी 'एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस' या नावापाशीच अडकलेली. विकणाऱ्यानं नको ते गळ्यात मारलं, याबद्दल मामांच्या मनात आता शंकाच उरली नव्हती.

त्याआधी एक घोळ होऊन गेला होता. हे काम मामांनी अमावास्या टळेपर्यंत पुढं ढकललेलं, मॉनिटरला लिंबू-मिरचीही बांधलेली. तरी पहिल्या प्रयत्नात सॉफ्टवेअरनं बसायला साफ नकार दिला. कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली, त्यामुळं कॉम्प्युटरच्या मते साल होतं २००९. सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही त्याच्या दृष्टीनं अजून जन्मालाच आली नव्हती, मग ती खरी कशी मानणार? बॅटरी बदलली, तारीख लावली, गाडी पुढं सरकली. कॉम्प्युटरला मुहूर्त लागतो तो एवढाच. पंचांगाचा संबंध नाही.

आता वाढप्याकडं येऊ. मामांचा विनोद नकळत बरोबर होता, सर्व्हर म्हणजे वाढपीच. आपण पडद्यावर जी खिडकी बघतो, नाव टाकतो, फोन शोधतो, तिच्याजवळ एकही नाव नसतं. ती फक्त मागणी नोंदवते. नावं असतात डेटाबेस इंजिन नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रामच्या, म्हणजे इथं त्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या ताब्यात. हा विंडोज सुरू झालं की तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच मुदपाकखान्यात हजर होतो आणि त्याला स्वतःचं तोंड नसतं. दोघं एकाच यंत्रात असले तरी त्यांचं बोलणं रीतसर चालतं. कधी मेमरीच्या सामायिक तुकड्यातून, कधी १२७.०.०.१ या पत्त्यावर. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. त्यावर टाकलेलं पत्र यंत्राबाहेर पडतच नाही, त्यामुळं वायर जोडलेली असो वा नसो, फरक पडत नाही. गंमत म्हणजे १२७ ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते याच एका कामासाठी राखून ठेवलेत.

हा वाढपी फुकट मिळतो, फक्त त्याच्या पातेल्याला मर्यादा आहे. २०१० ते २०२२ च्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या एका साठ्याला, १० जीबी. एका माणसाची माहिती २ केबी धरली तर ५० लाख माणसं झाली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. मामांनी कितीही ओळखी वाढवल्या तरी चिंता नाही. 'क्लाउडवर टाका, एआय लावा' म्हणून मागं लागणाऱ्यांना एवढा हिशेब पुरे.

पण इतका खटाटोप कशाला? सरळ एका फाइलीत नावं लिहून का ठेवत नाहीत? माझ्या आवडीचा भाग इथून सुरू होतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

समजा, एका गुऱ्हाळवाल्याचा मोबाइल नंबर बदलला. डेटाबेसची मुख्य फाइल पानांची बनलेली असते. या इंजिनात एक पान ८ केबीचं, म्हणजे ८१९२ बाइटचं. माणसाची माहिती एका पानावर. पण नंबरावरून माणूस शोधायची सूची दुसऱ्याच पानांवर. तिथला जुना नंबर काढायचा आणि नवा त्याच्या क्रमानं घुसवायचा. ते पान आधीच भरलेलं असेल तर ते फोडून दोन करायचं आणि वरच्या पानावर त्याची खूण ठेवायची. एका एंटरमागं अशी तीन-चार पानं बदलतात, आणि डिस्कवर ती एकामागून एक उमटतात. दोन पानं झाली आणि लाईट गेली तर? नावापुढं नवा नंबर, सूचीत जुना. मे महिन्यात वळवाच्या पहिल्या गडगडाटाला आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको.

"मामा, गूळ विकला की तुम्ही आधी कुठं लिहिता?"

"कीर्दीत. खतावणी मग रातच्याला, न्हाईतर दुसऱ्या दिवशी."

"लगेच खतावणी का करत नाही?"

"माणसं उभी असताना कोण खाती हुडकत बसणार?"

कीर्द म्हणजे घडेल तसे व्यवहार लिहीत जायची रोजची वही, खतावणी म्हणजे तेच ज्याच्या-त्याच्या खात्यावर मांडायची वही. हेच, अगदी हेच डेटाबेस इंजिन करतं. त्याच्या दोन फाइली असतात. एमडीएफ शेवट असलेली खतावणी, एलडीएफ शेवट असलेली कीर्द. बदल झाला की इंजिन आधी आपल्या मेमरीतली पानं बदलतं आणि कीर्दीत ओळ घालतं: या व्यवहारात, या पानावर, आधी हे होतं, आता हे आहे. शेवटी 'व्यवहार पुरा' अशी ओळ. कीर्द डिस्कवर पक्की उमटल्याशिवाय तुम्हाला 'सेव्ह झालं' असं सांगायचं नाही, आणि कीर्दीत नसलेला बदल डिस्कवरच्या खतावणीत कधीही जाऊ द्यायचा नाही. खतावणीची पानं मग सवडीनं डिस्कवर जातात. या पद्धतीला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात.

मामांचं कारणही तंतोतंत लागू पडतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि ठिकठिकाणची पानं गाठायची तर सुईला दर वेळी जागा बदलून तबकडी फिरून येण्याची वाट बघावी लागते. कीर्दीला हुडकाहुडक नाही, शेवटच्या ओळीखाली लिहीत जायचं.

आता लाईट गेली आणि परत आली. इंजिन उठतं आणि पहिल्यांदा कीर्द उघडतं. पुढं काय करायचं याची सगळ्यांत नावाजलेली पद्धत १९९२ साली आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. हे मोहन आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. पद्धतीचं नाव एरीज. तिची युक्ती अशी: कीर्दीतल्या प्रत्येक ओळीला चढता क्रमांक असतो, आणि खतावणीच्या प्रत्येक पानावर 'इथपर्यंतच्या ओळी माझ्यावर चढल्या' असा क्रमांक कोरलेला असतो. ओळीचा क्रमांक पानावरच्या क्रमांकापेक्षा मोठा असेल तरच ती ओळ चढवायची, नाहीतर सोडून द्यायची. त्यामुळं एकच रक्कम दोनदा खतावली जात नाही. आणि नवलाची गोष्ट म्हणजे अर्धवट राहिलेले व्यवहारसुद्धा आधी जसेच्या तसे चढवायचे! यंत्र बंद पडलं त्या क्षणाचं चित्र हुबेहूब उभं करायचं आणि मग अर्धवट व्यवहार शेवटून सुरुवातीकडं एकेक ओळ उलटवत जायचे. ही उलटवणीही कीर्दीत लिहायची, म्हणजे दुरुस्ती चालू असताना पुन्हा लाईट गेली तरी उलटवलेलं पुन्हा उलटवलं जात नाही. निम्मे वाचक इथून चहाला उठले असतील, पण मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

यात एक चोरवाट आहे. काही डिस्का स्वतःच्या छोट्या मेमरीत घेतलेलं 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळ्या होतात. मुनीमच खोटं बोलला तर कीर्द काय करणार? म्हणून युपीएस लावायचा, एवढंच.

हिरवी पट्टी एव्हाना संपली होती. पाऊण तासात इंजिनानं स्वतःचं दप्तर उभारलं होतं: मास्टर, मॉडेल, एमएसडीबी आणि टेम्पडीबी असे त्याचे चार घरचे डेटाबेस, मग आपल्या नावांचा पाचवा. मामांनी पहिलं नाव टाकलं, नावापुढं 'गुऱ्हाळ' लिहिलं, आणि शोधल्यावर ते सापडेना. आपला हा 'ऱ्ह' फार खट्याळ. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या सांकेतिक यादीत, एका अक्षरानं लिहिता येतो, 'र' आणि खाली नुक्ता असा दोन अक्षरांनीही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तिसऱ्याच वाटेनं तोच आकार काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, साध्या शोधाला तिन्ही परके. दोन कीबोर्ड चालू होते, त्यातला एक काढून टाकला.

मग मी मामांदेखत तीन नावं सेव्ह केली, चौथं अर्धवट टाइप केलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मामा खुर्चीतून अर्धे उठले. पुन्हा चालू केल्यावर तीन नावं जागच्या जागी, चौथ्याचा मागमूस नाही.

राहिला बॅकअप. मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढून न्यायला गेलात तर 'फाइल वापरात आहे' म्हणून विंडोज अडवतं, आणि ते बरंच आहे. दिवसभराची खतावणी अर्धी मेमरीत असते, नुसतं पुस्तक उचलून काय उपयोग? सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरायचा. त्यात इंजिन खतावणीबरोबर लागेल तेवढी कीर्दही बांधून देतं. आणि तो पेनड्राइव्ह अडतीत ठेवायचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. त्यापुढं कीर्द टिकत नाही. मामींच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात जागा ठरली.

"म्हंजे मुनीमच बसवलास की," मामा खूश झाले. "आणि ही कीर्द किती वर्सं ऱ्हाती?"

मी खरं ते सांगितलं. या साध्या मांडणीत पानं डिस्कवर गेली आणि व्यवहार पुरे झाले की कीर्दीतली ती जागा इंजिन मोकळी धरतं आणि तिच्यावरच पुढचं लिहितं.

मामांनी माळ्याकडं बोट केलं. तिथं आजोबांच्या वेळेपासूनच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या रचलेल्या आहेत.

"कीर्द पुसतोय? मग त्याला मुनीम म्हणू नगंस. वाढपीच ऱ्हाऊ दे."