बेडसोर की डायपरचा रॅश?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाजवळ लाली दिसली की वृद्धाश्रमात बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘काही नाही, डायपरचा रॅश आहे.’ कधी असतोही. पण तो बेडसोर असेल, तर पावडर मारण्यात मोलाचे दिवस जातात.

बेडसोर दाबाने होतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही. इजा पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होते, त्यामुळे वर रुपयाएवढा डाग आणि आत मोठी पोकळी असंही घडतं. जागा ठरलेल्या: माकडहाड, खुबा, टाच, घोटा. बोटाने दाबून सोडल्यावर साधी लाली क्षणभर फिकी पडते, दाबाची तशीच राहते. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे हात लावून आजूबाजूच्या कातडीशी ताडून पाहावं: जास्त गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, दुखते का.

रॅश लघवी आणि शौचाच्या ओलाव्याने होतो. तो पसरट असतो, कडा वेड्यावाकड्या. जांघेत, घड्यांत, दोन्ही कुल्ल्यांवर. कातडी सोलवटते, चुरचुरते, पण इजा सहसा वरवरची राहते. भोवती सुटे लाल ठिपके उठले, तर बुरशीची शंका घ्यावी. टाचेवरच्या जखमेला मात्र कोणी रॅश म्हणू नये; टाचेला डायपर नसतो.

रॅशला वेळच्या वेळी डायपर बदलणं, सौम्यपणे धुऊन टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडचा पातळ थर एवढं बहुधा पुरतं. बेडसोरला कोणतंही मलम दाब हटवल्याशिवाय उपयोगाचं नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. लाल जागेवर मालिश नको, मधे भोक असलेली गोल उशीही नको. तिच्या कडेवर दाब वाढतो. उघडी जखम सलाइनने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतलं तर नवं मांसही जळतं.

दोन्ही एकाच जागी असू शकतात. ओली कातडी लवकर फाटते. तेव्हा डायपरही बदला, कूसही. वास, पू, ताप किंवा वाढती काळी जागा दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवायला सांगा.