पाणी ओसरलं म्हणजे वीज सुरू करता येते का?

‘पाणी उपसलं की भुयारी मेट्रो तासाभरात धावू शकते, उशीर होतो तो ढिलाईमुळे,’ असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. ऐकायला पटतं, पण तसं नसतं.

सांगलीत कृष्णेचं पाणी घरात आलं असेल, तर आठवा. पाणी उतरल्यावर स्विचबोर्ड उघडला की आत गाळाचा पातळ थर. वरून वाळलेला, तरी ओल धरून असतो, आणि त्यातल्या ओलसर क्षारांतून वीज वाहते. म्हणूनच जाणता वायरमन मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर गळू न देणारं आवरण, तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू देत नाही.

भुयारात तर किलोमीटरच्या किलोमीटर केबल, सिग्नल, पंप. पाणी खारं असेल तर ते उपसल्यावरही धातू गंजत राहतो. न्यूयॉर्कमध्ये २०१२ च्या चक्रीवादळात समुद्राचं पाणी बोगद्यांत शिरलं. बऱ्याच गाड्या काही दिवसांत धावू लागल्या, पण नदीखालच्या एका बोगद्याची मोठी दुरुस्ती २०२० मध्ये संपली.

पडताळायचंय? पुराचं वाटीभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवा. तळाशी उरतो, तोच थर प्रत्येक जोडणीवर बसलेला असतो. घरची मोटार पाण्यात बुडाली असेल, तर नुसती उन्हात ठेवून बटण दाबू नका; आधी मेगरचं रीडिंग घ्यायला सांगा.